न आलेल्या लेकराचं सूत

आमच्याकडे लेकरू घरात यायच्या आधी त्याच्यासाठी काही आणत नाहीत, काही शिवत नाहीत. पाळणासुद्धा कोणाकडून मागून आणायचा, तोही बाळंतीण घरी आल्यावर. लेकराला पहिल्यांदा गुंडाळायचं ते जुन्याच कापडात. आजोबाच्या धोतराचा नाहीतर आजीच्या लुगड्याचा मऊ झालेला तुकडा. आधीच नवं कापड केलं तर काय होतं, ते कोणी नीट सांगत नाही. विचारायचीही सोय नाही, कारण विचारायचं तर तेच तोंडातून काढावं लागतं.

म्हणून मी कातत होते ते कोणासाठी, हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

कातायचा मला नाद आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. त्या शाळेत गुरुजी टकळी शिकवत. बाकीचं पुष्कळसं विसरून गेले, टकळी हातात राहिली. पुढे लग्न होऊन सौंसरजवळ रामाकोन्याच्या बाजूला आले, तर सासरच्या माळ्यावर एक पेटीचरखा पडलेला होता. सासऱ्यांनी तो काढून दिला, तेव्हापासून दुपारचं काम आवरलं की मी बसते. शेतात कापूस आहेच. वेचणीच्या वेळी चांगला फुटलेला थोडा बाजूला ठेवते, पाटावर लोखंडी सळई फिरवून सरकी काढते, हातानं मोकळा करून कातायला त्याचे लांबट पेळू वळते. माझे मालक हसतात. म्हणतात, "बजारात सूत किलोनं भेटते, अन् हे बाई बोटानं काढून राहिली." सुताचं मी काही करत नाही. देवाच्या वाती होतात, गोधडी शिवायला होतं. मला सूत निघताना पाहायला आवडतं, एवढंच.

या वर्षी मात्र मनात काही धरून कातलं. सुनेला दिवस होते. याआधी दोनदा तिचं पोट पडलं होतं, दुसऱ्या वेळी तर पाचव्या महिन्यात. तिला माहेरी आई नाही, म्हणून यावेळी ती आमच्याकडेच होती. मुलगा नागपूरला कामाला, रविवारी येतो. डॉक्टरीणबाईंनी जड उचलू नको, जास्त फिरू नको म्हणून सांगितलं होतं. ती ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलायची आणि मी दारात बसून कातायची. ती विचारायची, "आई, एवढं सूत कशाले?" मी म्हणायची, "असंच." तिच्याकडे बघून खोटं बोलायला जमत नाही, म्हणून चरख्याकडे बघायची.

पांढुर्ण्याला सुताचा मेळा भरणार आहे, हे आक्कांनी फोनवर सांगितलं. आक्का म्हणजे माझी मोठी नणंद. पांढुर्ण्यात राहतात. त्यांना मूलबाळ नाही. गावातल्या प्रत्येकाची खबर त्यांना असते आणि आवाज असा, की फोन कानापासून लांब धरावा लागतो. "अवं, एका मंगल कार्यालयात आहे. नागपूर-वर्ध्याकडचे लोक येऊन राहिले चरखे घेऊन. हातमागही लावला आहे. आपलं सूत नेलं त तिथंच विणून देतात म्हणे. ये तू. जलमभर कातून कातून मेली, एक चिंधी नाही पाहिली त्याची."

आपलं सूत नेलं तर विणून देतात, हे ऐकलं आणि मला झोप लागेना. जायचं की नाही. सुनेला सोडून जायचं की नाही. सातवा महिना होता. सूनच म्हणाली, "आई, जा ना तुम्ही. मी काय लहान पोट्टी आहे? बाबा आहेत घरी." मालक म्हणाले, "जाऊन ये. नाहीतर वर्षभर तेच घेऊन बसशील." मी सुताच्या गुंड्या जुन्या साडीत बांधल्या, त्यावर डबा ठेवला आणि सौंसरहून पांढुर्ण्याची गाडी धरली. संत्र्याचे दिवस होते. रस्त्यानं पेट्यांनी भरलेले ट्रक चालले होते. मला खिडकीबाहेर पाहावंसं वाटत नव्हतं. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते, जसं काही कोणी उघडून बघणारच आहे.

मंगल कार्यालयाच्या दारात आक्का उभ्या होत्या. आत गेले आणि उंबऱ्याशीच थांबले. इतकी माणसं, आणि सगळी सूत काढणारी. मला वाटायचं, हा येडेपणा माझ्या एकटीचाच आहे. आखूड केसांच्या बाया होत्या, पांढऱ्या दाढीचे एक बाबा होते, उभ्या चरख्यावर एक मुलगी लोकर कातत होती. तपकिरी, करड्या, कच्च्या पांढऱ्या कापसाचे ढीग सतरंजीवर मांडले होते. हिंदीत, मराठीत, इंग्रजीत बोलणं चाललं होतं. एक बाई माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "ताई, तुम्हीही कातता? या ना, बसा इथं. दाखवा आम्हाला." मी आक्कांच्या मागे झाले.

"अवं, पुढं हो," आक्का म्हणाल्या. "तोंड दाखवलं त कोणी खाणार नाही तुले."

"आक्का, मले नाही जमत चार लोकांत."

"घरी त सुताचे डोंगर घातले. इथं काय हात झडले?" आणि त्या बाईला म्हणाल्या, "लाजते जरा. पण सूत असं काढते, केसासारखं." माझ्या हातातली पिशवी ओढून त्यांनी गाठ सोडली. गुंड्या सतरंजीवर आल्या. मी त्या दोन्ही हातांनी झाकायला गेले. सूतच होतं, त्यावर कोणाचं नाव लिहिलेलं नव्हतं, तरी गेले.

माग कोपऱ्यात होता. विणणारे भाऊ साठीच्या पुढचे, सौंसरच्याच बाजूचे निघाले, म्हणून बोलायला थोडा धीर आला. त्यांनी एक गुंडी घेतली, धागा दोन बोटांत धरून ढिला सोडला. म्हणाले, "उभ्या धाग्याले नाही चालणार बाई. खळ नाही लावली. फणीत तुटून जाईल. उभं माह्यं मागावर लागलेलं आहे, त्याच्यात तुमचं आडवं टाकतो. हातभर रुंद, दीड हात लांब होऊन जाईल दिवसभरात."

"होईल ना?" मी विचारलं.

"होईल. कांड्या भरून द्या तुम्ही."

मी भिंतीकडे तोंड करून धोट्यात बसणाऱ्या त्या कांड्यांवर सूत गुंडाळायला बसले. तेवढं बरं होतं, कोणाकडे बघायचं नव्हतं. पहिल्या गुंड्यांचं सूत सरळ आलं. मग ते असं यायला लागलं, की जरा ढिलं पडलं की स्वतःभोवतीच गुंडाळून वेटोळं व्हायचं. भाऊंनी ते पाहिलं. कांडी हातात घेऊन म्हणाले, "इथून पुढं लई पीळ पडला बाई. चाक फिरत राहिलं अन् हात थांबला तुमचा. भेऊन कातलं काय?"

ते गमतीनं म्हणाले. पण ते सूत सुनेच्या पाचव्या महिन्यात कातलेलं होतं. त्या दिवसांत सून उठून मोरीकडे गेली, की ती परत येईपर्यंत माझा डावा हात पुढं सरकायचा नाही. उजवा चाक फिरवत राहायचा. हे सुतात जाऊन बसलं असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"पाण्यात भिजवून घेतो," भाऊ म्हणाले. "बसते मग."

आक्का मेळा फिरून आल्या. मागावर नजर टाकून म्हणाल्या, "कायचं करते याचं?"

"देव्हाऱ्यात घालायला."

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. मी खाली मान घातली. धोटा इकडून तिकडे जायला लागला. माझं सूत कापड होताना मी पहिल्यांदा पाहत होते. आनंद व्हायला हवा होता, पण प्रत्येक ठोक्याला मला वाटायचं, आता हे झालं. आता हे नाही असं म्हणता येणार नाही. सूत होतं तोवर कशाचंही होऊ शकलं असतं. वातींचं, गोधडीचं. दोन बोटं कापड झालं, मग चार बोटं, आणि ते कोणाचं आहे हे मला माहीत होतं. मनात म्हणत होते, अजून थोडंच झालंय, थांबवता येईल. पण थांबवायला सांगितलं असतं तर का थांबवता, असं कोणीतरी विचारलं असतं.

जेवणाची वेळ झाली म्हणून डबा काढायला पिशवीत हात घातला, तर फोन हाताला लागला. सुनेचे फोन येऊन गेले होते. एक नाही, लागोपाठ. गर्दीत ऐकूच आले नव्हते. मी लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. मालकांना लावला, तोही नाही. आक्कांनी स्वतःच्या फोनवरून लावला. शेवटी मालकांनी उचलला. त्यांचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

"दुखून राहिलं पोटात तिच्या. गाडी केली. सौंसरले दवाखान्यात नेऊन राहिलो. तुम्ही दोघी या."

मी उठले. पहिला शब्द तोंडातून निघाला तो गाडीचा नाही, सुनेचा नाही.

"माग थांबवा!"

भाऊंचा हात तिथंच थांबला. आसपासची माणसं बघायला लागली. आक्का माझ्याकडे बघत राहिल्या, मग मागावरच्या कापडाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"तुहा देव किती महिन्याचा आहे वं?" त्या हळू म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांना हळू बोलताना मी ऐकलं नव्हतं.

मी पिशवी गोळा करायला लागले.

"पोटात आहे अजून, अन् तू कापड विणून घेऊन राहिली? एवढी म्हातारी झाली, तुले कळत नाही?" मग भाऊंकडे वळून म्हणाल्या, "कापा हो ते. काढून टाका."

"मधात नाही कापत बाई," भाऊ म्हणाले. "मधात कापलं त सुटते सारं." त्यांना काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण माझा चेहरा त्यांनी पाहिला असावा. म्हणाले, "तुम्ही जा. माग थांबवतो मी. कोणी हात लावणार नाही."

मधात कापलं तर सुटतं सारं. गाडीत बसेपर्यंत ते एकच वाक्य कानात वाजत होतं. कापलं असतं तरी माझ्यामुळे आणि नाही कापलं तरी माझ्यामुळेच. आक्का माझ्यासोबत निघाल्या. मला वाटलं, रस्ताभर बोलतील. बोलत होत्या तोवर सोपं होतं. त्या गप्प बसल्या, तेव्हा मला खरी भीती वाटली. गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती. कोणी संत्र्यांचं पोतं चढवत होतं, कोणी उतरवत होतं. कंडक्टरला ओरडावंसं वाटत होतं, पण मी तर तिकिटाचे पैसेही आक्कांच्या हातानं दिले. मनात फक्त हिशेब चालला होता. पहिल्यांदा काय झालं होतं, दुसऱ्यांदा कशानं सुरू झालं होतं, तेव्हा मी काय करत होते. तेव्हा तर मी काहीच केलं नव्हतं. लेकरासाठी म्हणून एक धागाही काढला नव्हता. हे मला त्या गाडीतच पहिल्यांदा सुचलं, पण तेवढ्यानं धीर आला नाही.

अर्धा रस्ता गेल्यावर आक्का म्हणाल्या, "मी टोपडं शिवलं होतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या समोरच्या सीटकडे बघत होत्या.

"हिरव्या खणाचं. चोळीतला तुकडा उरला होता, त्याचं. सातव्यात. तांदळाच्या डब्यात लपवून ठेवलं. रोज काढून पाहो अन् पुन्हा ठेवो. आठव्यात लेकरू हलायचं थांबलं." मग खिडकीकडे तोंड करून, "कोणाले नाही सांगितलं. आईलेही नाही. यायलेही नाही." यायले म्हणजे त्यांच्या मालकांना. "चुलीत घातलं मग ते."

मी लग्न होऊन यायच्या आधीची ती गोष्ट. घरात सगळ्यांना एवढंच माहीत होतं, की आक्कांचं एक लेकरू गेलं आणि मग झालंच नाही. टोपड्याचं कोणालाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं ही बाई सगळ्यांच्या घरची सगळी बातमी सांगत होती आणि ही एक पोटात ठेवून होती. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात.

"आक्का," मी म्हटलं, "टोपड्यानं नाही गेलं ते."

"तुले काय माहीत?"

"मले नाही माहीत. पण चिंधीनं लेकरू जाते का कुठं?"

"मग तू काऊन म्हटलं, माग थांबवा?"

सौंसरचा स्टँड येईपर्यंत त्यांचा हात माझ्या मनगटावर होता आणि त्या दाबून धरून होत्या, इतक्या जोरात की उतरल्यावर तिथं बांगडीची खूण उठलेली होती.

दवाखान्यात मालक बाहेर बाकावर बसले होते. आम्हाला बघून उठले आणि आतल्या दाराकडे बोट केलं. सून खाटेवर कुशीवर होती, हाताला सलाइन लावलेलं. मला बघून म्हणाली, "आई, तुमचा मेळा राहिला ना." मग रडायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कळा लवकर आल्या होत्या, औषधानं थांबल्या आहेत, दोन दिवस इथंच ठेवू. त्यांनी पोटावर ते छोटं मशीन ठेवलं. आधी नुसती खरखर आली. डॉक्टरीणबाई ते इकडून तिकडे फिरवत होत्या आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आक्का दारातच उभ्या राहिल्या होत्या, आत येत नव्हत्या. मग आवाज सापडला. लांबून कापसाची जिनिंग चालू असल्यासारखा, एकसारखा, घाईघाईचा.

"ठीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण सांभाळावं लागेल. अजून दिवस आहेत."

आक्का पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या.

मी त्यांच्या मागे गेले. त्या व्हरांड्यात नळापाशी तोंड धूत होत्या. पांढुर्ण्याला परत जायची शेवटची गाडी होती, त्यांना निघायचं होतं. मेळ्याचा उद्या शेवटचा दिवस होता. गाडीत त्यांना जे म्हटलं होतं ते मलाच ऐकू येत होतं. चिंधीनं लेकरू जात नाही. त्यांना हे सांगायचं आणि मी मात्र कापड तिथंच टाकून द्यायचं, तर मग मी त्यांना काय सांगितलं? त्यांचं टोपडं त्यांच्या गळ्यात बांधूनच ठेवलं ना?

"आक्का," मी म्हटलं, "उद्या तो तुकडा पुरा करून घ्या अन् घेऊन या."

त्या नळ चालूच ठेवून माझ्याकडे वळल्या. "मी? माह्या हातानं?"

"मी इथून हलत नाही. दुसऱ्या कोणाले सांगू?"

"मी नाही हात लावत. तू पागल झाली काय? आत्ताच काय झालं ते पाहिलं ना?"

"पाहिलं."

"भेव नाही वाटत तुले?"

"वाटते," मी म्हटलं. "लई वाटते."

त्यांनी नळ बंद केला, पदर सारखा केला आणि स्टँडकडे निघाल्या. त्या वळून बघतील असं वाटलं. त्यांनी वळून पाहिलं नाही.

ते दोन दिवस माझे फार वाईट गेले. सुनेनं कूस बदलली तरी मी उठून बसायची. सलाइन संपलं की वाटायचं, आता पुन्हा सुरू होईल. आणि त्यात हेही, की मी आक्कांना हे कशाला सांगितलं. त्यांनी आणलं आणि काही झालं तर आता दोघींचं होईल ते. एक त्यांचं होतंच, त्यात हे दुसरं. फोन करून नका आणू म्हणावं, असं पुष्कळदा मनात आलं. फोन हातात घेतला आणि ठेवला.

सुनेला घरी आणलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का आल्या. पिशवी नव्हती. कापड घडी करून काखेत धरलेलं, उघडं. बसस्टँडवरून गावातून चालत, सगळ्यांच्या समोरून तसंच आणलेलं. अंगणात आल्या आणि माझ्या हातात देण्याऐवजी सरळ दोरीवर टाकलं. कापड उन्हात लोंबायला लागलं. एका बाजूला गुळगुळीत होतं आणि पुढे दाट, आखडलेलं. मला ते दुरूनही दिसत होतं.

सून ओट्यावर पाय लांब करून बसली होती. म्हणाली, "आत्याबाई, हे काय आहे?"

आक्का माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्या तोंडून ते निघणार नव्हतं, हे मला कळलं. माझ्याही निघत नव्हतं.

"तुह्या लेकराचं," मी म्हटलं.

हे मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. मालक दारात उभे होते, ते जागेवरच थांबले. कोंबड्या चरत होत्या. काही झालं नाही, पण काही होण्याची वाट मी पाहत होते, आणि आक्काही पाहत होत्या.

सून म्हणाली, "आणा ना इकडं." आक्कांनी ते दोरीवरून काढलं आणि दिलं. तिनं ते पोटावर पसरलं, दोन्ही टोकं धरून बघितलं आणि हसली. "एवढं मोठं कुठं असते का लेकरू?"

"आमच्या घराण्यातले सारे थोराडच जलमतात," आक्का म्हणाल्या. "तुह्या सासऱ्याले तर सुपात नव्हते ठेवत, कोठीत ठेवत होते."

"असं काय! मग हे पुरन नाही."

"नाही पुरलं त पाय बाहेर ठेवन. पायाले कोण काय करते?"

दोघी हसायला लागल्या. आठवा अजून लागायचा होता. मला त्यांना गप्प बसा म्हणायचं होतं. इतक्या मोठ्यानं नका बोलू, त्याचे पाय, त्याचं अंग, असं काही नका बोलू. ओठांपर्यंत आलं होतं. मी ओट्याच्या पायरीवर बसले आणि त्यांना बोलू दिलं.